वीस मिनिटं कोणी खाल्ली?

सकाळी सहा ते आठ या वेळात कल्याणजवळच्या आपल्या मोहन्यात मांडी घालून, दोन्ही हात मोकळे ठेवून नाश्ता करणारा कमावता माणूस शोधून दाखवा. सापडलाच तर तो रात्रपाळी करून नुकताच परतलेला असेल, नाहीतर त्या दिवशी त्याची सुट्टी असेल. बाकीचे सगळे उभे आहेत. ओट्यापाशी उभे, दारात एका पायात चप्पल सरकवून उभे, आंबिवलीच्या फलाटावर उभे. आणि याच माणसांच्या मोबाइलवर सुप्रभातच्या फुलांसोबत रोज निरोप येऊन पडतो: नाश्ता सावकाश करा, घास बत्तीस वेळा चावा, खाताना मन खाण्यात ठेवा.

सल्ला खरा आहे. पत्ता चुकलाय.

आधी सल्ल्याबद्दल बोलू, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. ग्रीसमधल्या डॉक्टरांचा 2010 साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग आहे. 17 निरोगी पुरुषांना 300 मिलिलिटर आइस्क्रीम दिलं. एकदा ते पाच मिनिटांत संपवायचं, एकदा अर्ध्या तासात. पदार्थ तोच, माप तेच. सावकाश खाल्लं तेव्हा आतड्यांतून सुटणारी आणि मेंदूला पोट भरल्याची वर्दी देणारी दोन संप्रेरकं, जीएलपी-1 आणि पीवायवाय, रक्तात जास्त आढळली. ही वर्दी पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत ताट साफ करणाऱ्याला ती पोचते तेव्हा तो दुसऱ्यांदा वाढून घेऊन तेही संपवून बसलेला असतो. याच जीएलपी-1 ची नक्कल करणारी वजन उतरवायची इंजेक्शनं 2025 पासून आपल्या बाजारात आली आहेत, आणि त्यांचा महिन्याचा खर्च हजारांत जातो. औषधाचा जोर घासाच्या गतीपेक्षा कितीतरी मोठा असतो, दोन्ही एका तराजूत घालू नयेत. पण शरीर ज्या वाटेने ‘आता पुरे’ म्हणतं, ती वाट आपण रोज सकाळी फुकट मिळत असताना बंद करतो.

जपानमध्ये मधुमेहाच्या जवळपास 60 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, 2018 साली त्याचा निष्कर्ष आला: भराभर खाणाऱ्यांच्या तुलनेत सावकाश खाणाऱ्यांत लठ्ठपणा कमी. नुसत्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी देशात 10 कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलंय, तेव्हा अशा निष्कर्षाकडे काणाडोळा करणं आपल्याला परवडणारं नाही.

आणि मन खाण्यात ठेवण्याचं म्हणाल, तर त्यालाही आधार आहे. लक्ष दुसरीकडे ठेवून जेवणाऱ्यांवरच्या 24 प्रयोगांचा एकत्र आढावा 2013 मध्ये घेतला गेला. टीव्ही पाहत, काहीतरी करत खाणारा माणूस त्या वेळी थोडं जास्त खातोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतरच्या जेवणालाही जास्त खातो. काय खाल्लं हे त्याच्या लक्षातच राहिलेलं नसतं. लहान मुलासमोर मोबाइल धरून त्याच्या तोंडात उपम्याचा चमचा सारणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. वाटी संपली एवढंच त्यातून साधतं. मुलाला पोट भरल्याचं कळायची सवयच लागत नाही.

आपल्याकडे हे सगळं नवं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात जेवण्याचे नियम दिले आहेत. ताजं, गरम, स्निग्ध खावं. फार घाईत खाऊ नये. फार रेंगाळतही खाऊ नये. बडबड आणि हसणं बाजूला ठेवून मन लावून खावं. यातला ‘फार रेंगाळत नको’ हा भाग मला फार मोलाचा वाटतो. घास मोजत बसायला, घड्याळ लावून चावायला तिथे कोणी सांगितलेलं नाही. मोजण्याचा सोस अलीकडचा.

तसा नाश्ता केलाच पाहिजे असंही नाही. नाश्ता चुकवला की वजन वाढतं, हे कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातींनी दोन पिढ्यांच्या डोक्यात बसवलेलं वाक्य. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 13 चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात त्याला आधार मिळाला नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा, कडक भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत जेवणारी घरं तर आता गल्लोगल्ली आहेत. ज्याला सकाळी भूक नाही त्याने खाऊ नये. माझं म्हणणं भुकेल्यांबद्दल आहे. ज्यांच्या पोटात सकाळी आग पडते, आणि ती उभ्या उभ्या विझवावी लागते, त्यांच्याबद्दल.

आता मोहन्याकडे या.

या गावाला एके काळी सकाळ होती. 1946 साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे आपल्या एनआरसीचा, कारखाना इथे उभा राहिला. रेयॉनचा धागा, नायलॉन, कॉस्टिक सोडा. शेजारीच कामगारांची वसाहत. पाळीवर जायचं म्हणजे चालत जायचं. घर आणि फाटक यांत आगगाडी नव्हती, रिक्षाची रांग नव्हती. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृहाची आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची अट घातली होती. रसायनांचं काम होतं, वास होता, पाळ्या होत्या, कष्ट तर होतेच. त्या दिवसांना सोन्याचं पाणी द्यायची मला गरज वाटत नाही. पण त्या कामात माणसाला बसून चार घास खाण्याची जागा आणि वेळ कायद्याने लिहून दिलेली होती.

2009 मध्ये कारखाना बंद पडला. चार हजारांहून अधिक कामगारांची रोजी गेली, देणी वर्षानुवर्षं अडकली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि आणखी लिहायला हवं. एक गोष्ट मात्र कुठल्या निवेदनात आली नाही. कारखान्याबरोबर गावाची न्याहारी गेली. जी माणसं दहा मिनिटं चालून कामाला जात होती, त्यांची मुलं आज ठाण्याला, घाटकोपरला, अंधेरीला जातात. आंबिवली ते सीएसएमटी सुमारे साठ किलोमीटर. कोणी मॉलमध्ये सुरक्षारक्षक, कोणी इस्पितळात वॉर्डबॉय, कोणी दुकानात सेल्सगर्ल, कोणी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुसऱ्यांची जेवणं पोचवणारा. यांतल्या बहुतेकांच्या कामाच्या ठिकाणी उपाहारगृह नाही. असलं तर ते गिऱ्हाइकांसाठी आहे.

कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जायला-यायला रूळ दोनच. त्याच दोन रुळांवरून लोकल, मेल, मालगाड्या. तिसऱ्या मार्गिकेचं काम रखडत रखडत चाललंय. त्यामुळे आंबिवलीत एक लोकल सुटली की पुढची लगेच येईल याची हमी नाही, आणि आलेली वेळेवर असेल याची तर नाहीच. माणूस गाडीच्या वेळेवरून उलटं गणित मांडतो. गाडी इतक्याची, रिक्षाला इतकी मिनिटं, आंघोळ, पाणी भरणं, मुलांचं आवरणं. प्रत्येक गोष्टीला तिची मिनिटं द्यावीच लागतात. आंघोळ अर्धी करता येत नाही. एकच गोष्ट चेपून शून्यावर आणता येते, ती म्हणजे खाणं. म्हणून तीच चेपली जाते.

फलाटावर बघा एकदा. वडापाव कागदात, कागद डाव्या तळहातावर, त्याच हाताच्या कोपरात बॅगेचा पट्टा, उजव्या हातात फोन, फोनवर गाडी कुठे पोचली ते. पहिला घास घेताना नजर रुळाकडे. वडा इतका गरम असतो की जिभेवर ठेवता येत नाही, म्हणून तोंड उघडं ठेवून वाफ सोडायची आणि गिळायचं. चावणं झालेलंच नाही. गाडी दिसली की उरलेला अर्धा एका घासात, कागदाची गोळी खिशात, वरून पाण्याचा घोट. घासाबरोबर हवा पोटात जाते, ढेकर आणि गच्च पोट घेऊन माणूस डब्यात शिरतो. ठाण्यापर्यंत त्याला ना बसायला मिळतं ना वाकायला. संध्याकाळी मेडिकलच्या दुकानातून तो अ‍ॅसिडिटीची पुडी घेतो. या माणसाला घास बत्तीस वेळा चावायला सांगणं हा मला अपमान वाटतो.

पावाबद्दलही एक सांगायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं अन्न खायला घातलं. 2019 मध्ये निष्कर्ष छापले. अतिप्रक्रिया केलेलं अन्न माणसं भराभर खात होती आणि दिवसाला सरासरी 500 कॅलरी जास्त घेत होती. मऊ अन्न घाईला साथ देतं. चहात बुडवलेलं बिस्किट चावावं लागत नाही, खारी चावावी लागत नाही, पावाचा तर लगदाच होतो. या पट्ट्यातल्या आगरी घरांत सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट असायची, काही घरांत अजून असते. ती भाकरी गिळून दाखवा. दात लावल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, आणि सुकटीतलं काटाकुसळ जिभेला जागं ठेवतं. मन लावून खाण्याचं शिक्षण त्या ताटातच होतं. कोणाला उठून वर्ग घ्यावा लागत नव्हता.

आता वर्ग घेतले जातात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला एक मनुका बघत, हुंगत, हळूहळू चावत खाण्याचा सराव जगभर गेला. चांगला सराव आहे, दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला. आज तोच सराव शहरातल्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना शनिवारी शिबिरात करायला लावतात आणि सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला हजेरीच्या यंत्रावर बोट मागतात. त्या नऊच्या ठोक्यानेच न्याहारी खाल्लेली असते.

सावकाश नाश्त्याचा खरा नमुना बघायचा तर परदेशी जायची गरज नाही. आंबिवलीवरून जाणारे तेच रूळ कसारा घाट चढून इगतपुरीला पोचतात. तिथे सत्यनारायण गोएंकांनी 1976 मध्ये धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र सुरू केलं. दहा दिवसांच्या शिबिराचं वेळापत्रक ठरलेलं आहे: पहाटे चारला उठायचं, साडेचारपासून ध्यान, आणि साडेसहा ते आठ न्याहारी व विश्रांती. दीड तास. बोलायचं नाही, फोन जमा केलेला, समोर फक्त ताट. शिबिराचं शुल्क नाही, दानावर चालतं. जाऊन आलेली माणसं सांगतात की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साध्या उसळीची चव कळायला लागते. कळणारच. दीड तास दिला, घंटा दुसऱ्या कोणी वाजवली, स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला, भांड्यांचा ढीग आपल्या वाट्याला नाही, दारात मुलाची स्कूलव्हॅन नाही. एवढं मिळालं तर मोहन्यातला कोणीही माणूस मन लावून खाईल. त्याच्यात स्वभावाचा दोष नाही, त्याला ती वेळ मिळालेली नाही.

आणि माणूस म्हणताना आपण नकळत पुरुषाचाच विचार करतो. तो निदान फलाटावर तरी खातो. घरातल्या बाईचं काय? पहाटे पावणेपाचला उठून तिने दोन डबे भरले, पाणी भरलं, पोळ्या लाटल्या. पहिली पोळी तवा नीट तापायच्या आधी टाकल्यामुळे कडक झाली, ती तिच्या वाट्याला. मुलाने अर्धी टाकली, तीही तिच्याच वाट्याला. चहा ओतून ठेवला त्यावर साय धरली. साय बोटाने काढून तिने तो एका दमात प्यायला आणि अर्धी पोळी ओट्याशी उभ्यानेच, एका हाताने वेणी सावरत संपवली. कारण तिचीही गाडी आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. फरक 201 मिनिटांचा. बाईची सावकाश न्याहारी या 201 मिनिटांत कुठेतरी पडलेली आहे, आणि ती तिथून काढून द्यायला कुठल्याही आहारतज्ज्ञाची गरज नाही.

मग करायचं काय? उपदेश बंद करून वेळ मागायची. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मागायची.

कचेऱ्यांकडे मागायची. मध्य रेल्वेने 2023 च्या नोव्हेंबरपासून मुंबईतल्या आपल्या कार्यालयाच्या वेळा दोन भागांत विभागल्या आणि शहरातल्या शेकडो आस्थापनांना तसंच करण्याची विनंती केली. फार थोड्यांनी मनावर घेतलं. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली, तेव्हा पुन्हा वेळा बदलण्याची चर्चा झाली आणि विरली. एकाच वेळी सगळ्यांना नऊच्या ठोक्याला बोलावणं माणसं मारतं, हे एकदा कबूल करा. अर्धा तास मागेपुढे झाल्याने बहुतेक कचेऱ्यांचं काही अडत नाही, आणि त्या अर्ध्या तासात एका घराची न्याहारी होते.

शाळांकडे मागायची. राज्य सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. त्यामागे मुलांची झोप होती. चांगला निर्णय होता, आणि त्यामुळे मुलाच्या नाश्त्याला जागा मिळाली. पण अजूनही कितीतरी शाळा जागेच्या आणि दोन पाळ्यांच्या कारणाने सकाळी सातला घंटा देतात. सातच्या शाळेतलं मूल साडेसहाला दूध-बिस्किट ढकलून निघतं. आणि ज्या घरांत साडेसहाला देण्यासारखं काही नसतं त्यांचं काय, हा प्रश्न तामिळनाडूने विचारला. सप्टेंबर 2022 मध्ये त्या राज्याने सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला: उपमा, खिचडी, पोंगल, गरम, बसून, वर्ग भरायच्या आधी. पुढच्या वर्षी तो राज्यभर नेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेत नाश्ता द्यावा असं लिहिलेलं आहे. आपण दुपारची खिचडी देतो, सकाळचं ताट अजून मांडलेलं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या शाळांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? मुलांना पंगतीत बसून, वीस मिनिटं, शेजाऱ्याच्या ताटात न डोकावता खायची सवय लागली तर पुढे त्यांना कोणाच्या शिबिराला जावं लागणार नाही.

रेल्वेकडे तिसरी मार्गिका मागायची, हे तर आपण मागतच आलोय. यापुढे मागताना प्रवाशांच्या हालांबरोबर त्यांच्या पोटाचंही लिहा.

आणि घरात? घरात मागायची नाही, द्यायची. उद्या नऊ वाजता व्यायामशाळेत जाणारा तरुण, निवृत्त झालेले काका, कॉलेजची दुपारची पाळी असलेली मुलगी, यांतल्या कोणीही पंधरा मिनिटं आधी उठून पाणी भरू शकतं, डबे भरू शकतं, मुलीची वेणी घालू शकतं. तेवढं करा, आणि पहाटेपासून ओट्याशी उभी असलेल्या बाईला म्हणा, ‘तू बस, मी वाढतो.’ तिचं ताट गरम असताना तिच्यासमोर ठेवा. फोन उचलू नका, तिलाही उचलू देऊ नका. महापालिकेला शाळेतल्या नाश्त्यासाठी पत्र लिहायचंय, ते ती जेवून उठल्यावर दोघांनी मिळून लिहा.